कच्चा टाका

गल्लीत तिला सगळे टकळी म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. माप घेता घेता ती गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. तोंडात टाचण्या असतील तेव्हाच काय ती गप्प. "ताई, जेवतानाही दोन टाचण्या धरत जा," असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा.

हा धाकटा आज सकाळपासून पोलीस ठाण्यात होता. औषधांच्या ज्या गोदामात तो कामाला, तिथली महागडी इंजेक्शनं गायब झाली होती आणि मालकाने त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. टकळीला मात्र वेगळीच धास्ती होती. काल संध्याकाळी तो कामावरचा कोट तिच्या टेबलावर टाकून गेला होता. "बाही आखूड कर," एवढंच म्हणाला, तेही नजर चुकवून. की नजर चुकवली असं तिला आजच वाटत होतं?

तिची एक पद्धत होती. कोट घेताना खिसे गिऱ्हाइकासमोर रिकामे करायचे आणि मग इस्त्रीत ते फाकू नयेत म्हणून त्यांची तोंडं पांढऱ्या दोऱ्याने, कच्च्या टाक्याने बंद करायची. काल टाके घातले, पण खिसे तपासले नाहीत. घरच्या माणसाचे काय तपासायचे! आणि आता ते उसवून आत बघायचा तिला धीर होत नव्हता.

दुपारी शिपायाला घेऊन ठाण्यातले साहेब आले. खुर्ची ओढून बसले, दुकानाचं कौतुक केलं. पोलीस एवढा गोड बोलतोय म्हटल्यावर टकळीने कात्री खाली ठेवली.

"ताई, भावाचा कोट इथेच आहे म्हणे. जरा बघू."

"झडतीचा कागद आणलाय?"

"कागद कशाला? घरच्यासारखं विचारतोय."

"घरचे चपला बाहेर काढून येतात, साहेब. कागदाशिवाय झडती नाही."

हे तिला वकीलबाईंनी शिकवलं होतं. त्यांचा काळा गाऊन दर सहा महिन्यांनी हिच्याकडे दुरुस्तीला यायचा. "कागद मागायचा, आणि बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही," असं त्यांनी सांगितलं होतं, तेव्हा टकळी पोट धरून हसली होती. आज तिला हसू येत नव्हतं. खिशात काही निघालं तर?

"लपवायला काही नसेल तर घाबरता कशाला?" म्हणत साहेब उठले आणि सरळ दांडीवरच्या कोटाकडे गेले. ती आडवी आली, तर शिपाई मध्ये उभा राहिला. साहेबांची पाठ तिच्याकडे होती. क्षणभराने ते वळले तेव्हा हातात इंजेक्शनांची एक चपटी डबी होती.

"डाव्या खिशात होती. बघा तुमच्या भावाचे प्रताप!"

म्हणजे खरंच की काय! तिला भावाचा असा संताप आला की डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनीच तिने कोटाकडे पाहिलं. डाव्या खिशावर तिचे पाच पांढरे टाके जसेच्या तसे होते. उजव्यावरही. तिसरा खिसा त्या कोटाला नव्हताच.

साहेबांनी जन्मात कधी बटण लावलं नसावं. बाहीला, कडेला, सगळीकडेच पांढरा दोरा होता, त्यांना त्यात काय कळणार!

सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिची नजर टेबलावरच्या कात्रीकडे गेली. आत्ता बोलले तर हे टाके उसवायला कितीसा वेळ लागेल? तिने ओठांवर आलेलं गिळलं. आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं.

"लिहा, साहेब. कुठल्या खिशातून निघाली, किती वाजता, सगळं."

"तुम्ही सही करा म्हणजे झालं."

"सही नाही. वकिलांशिवाय मी एक अक्षर बोलणार नाही. तो माझा हक्क आहे."

मग तिने शेजारच्या चष्मेवाल्या काकांना आणि समोरच्या फुलवाल्या मावशींना हाका मारल्या. साहेबांना घाई होती, पण दोघं दारातून हलेनात. त्यांच्यासमोर कोट पिशवीत गेला, लाखेचं सील लागलं, सीलवर दोघांच्या सह्या झाल्या. टकळीच्या तोंडून चकार शब्द नाही हे पाहून मावशींनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर सील फोडलं गेलं. वकीलबाईंनी कोट साहेबांपुढे धरला.

"डाव्या खिशातून काढली ना डबी? हात घालून दाखवा."

साहेबांचा हात खिशाच्या तोंडाशीच थांबला.

संध्याकाळी धाकटा सुटून दुकानात आला. दोन दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता. टकळीने कोर्टातून परत मिळालेला तो कोट त्याच्या अंगात चढवला आणि बाही दुमडायला घेतली.

"ठाण्यात सगळे म्हणत होते, बहिणीनेसुद्धा कबूल केलंय," तो म्हणाला. "मी म्हटलं, शक्यच नाही. ताई, तुला एकदाही वाटलं नाही ना, की मी..."

टकळीने टेबलावरच्या चार टाचण्या उचलल्या, तोंडात धरल्या आणि मान खाली घालून ती बाहीचं माप घेऊ लागली.