पाचव्या अल्बमचं पान

मनस्वी वायर गुंडाळत होती. कोपराभोवती नव्हे, हातातच, एक वेढा सुलटा, एक उलटा. कोपरावर गुंडाळलेली वायर आतून तुटते आणि बरोबर नवरीला हळद लागताना आवाज जातो, हे तिला तिच्या वडिलांनी नववीत असतानाच शिकवलं होतं. कालची हळद दिवाळे गावात होती. स्पीकर सकाळी कराव्याला परत आले होते, निम्म्या वायरी अजून जमिनीवर पडल्या होत्या, आणि अर्ध्या वर केलेल्या शटरखालून वाकून एक बाई गोडाऊनमध्ये आल्या.

"मनस्वी तांडेल तूच का गं?"

सुती साडी, चष्मा, छातीशी धरलेली कापडी पिशवी. चेहरा अनोळखी होता, पण ते रुंद कपाळ आणि बोलण्याआधी किंचित पुढे येणारी हनुवटी मनस्वीने याच गोडाऊनमध्ये सहा वर्षं पाहिली होती.

"मी वैजयंती. क्षिप्राची आई."

हातातला वेढा सुटला. मनस्वीने तो उचलला नाही.

"काकू, बसा ना," ती म्हणाली, आणि बसायला तर काहीच नव्हतं. तिने बास स्पीकरचा एक मोठा खोका ओढणीने पुसला. "यावर बसा. मजबूत आहे."

बाहेर टेम्पोत बसलेल्या तिच्या वडिलांनी, नामाशेठनी, आवाज दिला.

"कोन आयलंय गो?"

"क्षिप्राची आई हाय, बाबा."

टेम्पोतलं गाणं बंद झालं.

क्षिप्राला जाऊन पाच आठवडे झाले होते. सीवूड्समधलं तिचं घर इथून चालत बारा मिनिटांवर, तरी मनस्वी गेली नव्हती. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, आठवणी लिहिल्या, फोटो टाकले. तिने चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. कामाचं निमित्त तिने स्वतःलाच सांगून पाहिलं होतं, पण खरं कारण एवढंच की तिला तोंड दाखवायची भीती वाटत होती.

ग्रुप होता शिओमाचीच्या चाहत्यांचा. शिओमाची म्हणजे जपानमधल्या एका बंदराच्या गावातल्या चार मुलींचा रॉक बँड. नावाचा अर्थ भरतीची वाट पाहत थांबणं. हा अर्थ कळला तेव्हा, खाडीत होडी घालणाऱ्या आजोबांच्या घरात वाढलेल्या मनस्वीला त्या मुली आपल्याच आळीतल्या वाटल्या. वाशीच्या एका कॉलेजच्या कार्यक्रमाला ती साऊंड सांभाळत होती. मधल्या सुट्टीत तिने सहज त्यांचं एक गाणं सोडलं, आणि गर्दीतून वाट काढत एक मुलगी धावत आली. "हे तुला कसं माहीत?" तिने असं विचारलं, जणू मनस्वीने तिच्या कपाटातून काही काढलं होतं. ती क्षिप्रा.

मग दोघींची बारा जणं झाली. नवा अल्बम आला की रविवारी दुपारी सगळे कराव्याच्या गोडाऊनमध्ये. ज्या स्पीकरांनी हळदीला अर्ध्या गावाच्या खिडक्या थरथरतात, त्यांवर जपानी मुली किंचाळायच्या. पलीकडे सोडे वाळत घालणारी गोजराआजी पहिल्या दिवशी हातात काठी घेऊनच आली होती. "या पोरींना कोन मारतंय?" नियम दोनच होते. गाणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. आणि संपल्यावर प्रत्येकाने एकाच वहीत एक पान लिहायचं, खाडाखोड न करता. वही क्षिप्राकडे असायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि तिला दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता.

पहिल्या अल्बमच्या वेळी त्या चौघी एकोणीस वर्षांच्या होत्या आणि गिटार सुरात लावण्याचाही त्यांना कंटाळा होता. नुसता दंगा, पण जिवंत दंगा. दुसऱ्यात बास गिटार वाजवणारी नात्सुमी शिकून आल्यासारखी वाजवू लागली. तिसऱ्यात एरीने ओरडणं सोडून गाणं सुरू केलं आणि निम्मे चाहते रुसले. चौथ्यात एका गाण्याच्या मधोमध चौघी थांबतात, चार मात्रा काहीच वाजत नाही. त्या चार मात्रांत गोडाऊनमध्ये बारा माणसं श्वास रोखून होती. "यांना आता गप्प बसता यायला लागलं," असं क्षिप्राने त्या दिवशी वहीत लिहिलं होतं. आपल्या वयाची कुणी माणसं दूर कुठेतरी मोठी होत जातात आणि त्यांच्या मागोमाग आपणही, यात केवढं सुख असतं ते ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. बाकीच्यांना तो वेडेपणा वाटतो, वाटू दे.

पाचवा अल्बम गेल्या दिवाळीत आला. तोवर क्षिप्राचं येणं तुटलं होतं. ऑफिसचं काम, म्हणायची. ती नाही म्हणून कुणीच जमलं नाही, जो तो आपापल्या घरी ऐकून मोकळा झाला. मनस्वीला याचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी क्षिप्राने वहीतल्या आपल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला: "हारुकाने ड्रमवरच्या झांजा सोडून दिल्या. अख्ख्या अल्बमभर एकदाही नाहीत. गिटारही पार मागे. उरलाय तो नात्सुमीचा बास. केवढं धाडस!"

मनस्वीने उत्तर दिलं होतं, "मॅडम, झांजांशिवाय एक गाणं नाहीये यात. कान तपासून घे." पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. त्याखाली बाकीचे दहाही जण हसले. क्षिप्राने नुसता अंगठा दाखवला. दोघींचं शेवटचं बोलणं ते.

वैजयंतीबाईंनी पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि मांडीवर ठेवली.

"ही तुमची आहे. म्हटलं, नेऊन द्यावी. आणि तुला भेटायचंही होतं."

"मी यायला हवं होतं, काकू."

"तुझे आभार मानायचे होते."

मनस्वीला काही कळलं नाही.

"केमो चालू होती तिची. कुणाला सांगायचं नाही म्हणून आम्हाला शपथ घातली होती. त्या औषधाने कान जातात काही जणांचे, बारीक आवाज आधी. आम्हाला पत्ताच नाही. कुकरच्या पाच-पाच शिट्ट्या व्हायच्या, ही शेजारी बसून. मी ओरडायचे, गॅस बंद करायला होत नाही का तुला?" त्या थांबल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. "मग एक दिवस म्हणाली, आई, माझी मैत्रीण साऊंडमधली आहे, तिने ओळखलंय. कान तपासून घे म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरांनी औषध बदललं. गेलेलं परत आलं नाही, पण होतं तेवढं शेवटपर्यंत टिकलं. शेवटी शेवटी ती डोळे उघडत नव्हती, पण आमचा आवाज कळायचा तिला. बाबांनी हाक मारली की बोट हलवायची. ते तुझ्यामुळे."

मनस्वीने खरं काय ते आताच सांगायला हवं होतं. समोर बसलेल्या बाई तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत काय होतं ते तिला धड वाचता येईना.

"एक मागू?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "ती दिवसभर तो पाचवा अल्बमच ऐकत पडायची. मी घरी लावून पाहिलं. मला नुसती खणखण ऐकू येते. तिला काय ऐकू येत होतं, ते मला ऐकायचंय. तुला जमेल असं काही?"

वहीत एक कागद घडी घालून ठेवलेला होता. कानाच्या तपासणीचा. मनस्वीने तो उलगडला. असा आलेख तिने कधी पाहिला नव्हता, तरी तो वाचायला तिला वेळ लागला नाही. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडून निघते, मध्यापर्यंत बरी चालते आणि मग कडा तुटल्यासारखी खाली कोसळते. तिच्या इक्वलायझरवरही, जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या त्या यंत्रावर, अगदी याच क्रमाने वर-खाली सरकणारे एकतीस खटके होते. कागद मिक्सरवर ठेवून ती एकेक खटका त्या रेघेच्या उंचीवर आणत गेली. उजवीकडचे नऊ तळाला गेले. तरीही पुरेसं नव्हतं, म्हणून तिने बारीक आवाजाचे वरचे स्पीकरच बंद केले.

बोटं नेहमीच्या सफाईने चालली होती, आणि तिला स्वतःच्या बोटांचा संताप आला. रोज हेच तर करते ती. कुणाच्या कार्यक्रमात कुठला आवाज कमी पडतोय हे लांबून ओळखते आणि लोक त्याबद्दल तिला नावाजतात. क्षिप्राने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, कुठले आवाज गेले ते, आणि मनस्वी त्यावर हसली होती.

गाणं सुरू झालं.

झांजा नव्हत्या. एकदाही नाही. एरीचा आवाज दारामागून बोलणाऱ्या माणसासारखा येत होता, शब्दांच्या कडा गेलेल्या. गिटार असून नसल्यासारखी. आणि या सगळ्याच्या खाली, आता कुणी आड येत नाही म्हटल्यावर, नात्सुमीचा बास संथपणे चालत होता. ती नुसती साथ नव्हती. तिथे एक अख्खी चाल होती, दर कडव्याला थोडी बदलणारी, एकदा वर जाऊन पुन्हा घरी येणारी. मनस्वीने हा अल्बम शंभर वेळा ऐकला असेल. ही चाल तिने एकदाही ऐकली नव्हती. क्षिप्राने लिहिलं होतं त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

वैजयंतीबाईंनी ज्या खोक्यावर बसल्या होत्या त्याच्या लाकडावर तळवा टेकला होता. बास त्यातूनच येत होता. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात उचलला नाही, आणि दोघींपैकी कुणी बोललं नाही.

गाणं संपलं. मनस्वीने पुढचं लावलं नाही.

"काकू, मी ते चेष्टेने लिहिलं होतं," ती म्हणाली. "मला काही कळलं-बिळलं नव्हतं. ती येत नाही म्हणून राग होता मला. सगळ्यांसमोर तिचा पोपट करायचा होता."

बाहेर टेम्पोचं दार लागल्याचा आवाज झाला.

"माहीत आहे मला," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तिचा फोन माझ्याकडेच आहे. खाली कोण कोण हसलं तेही वाचलंय."

"मग मघाशी तुम्ही ते आभाराचं—"

"ती तसंच सांगायची. डॉक्टरांना, मावशीला, नर्सला. माझी मैत्रीण, तिने ओळखलं. इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाही तेच तोंडात बसलं. तिचं म्हणणं मी पोचवलं." त्यांनी मांडीवरची वही सरळ केली. "माझं स्वतःचं म्हणणं काय आहे, ते मला नाही सांगता येत अजून. मीही त्या कुकरसाठी तिला कमी बोलले नाहीये."

मनस्वी रडत होती. वैजयंतीबाई उठल्या नाहीत, जवळही आल्या नाहीत. त्यांनी वही उघडली, शेवटाकडची पानं चाळली आणि ती मिक्सरवर, त्या कागदाशेजारी ठेवली.

"तुझं एक राहिलंय."

डावीकडे क्षिप्राचं पान होतं, तेच, झांजा सोडून दिल्याचं. उजवीकडच्या कोऱ्या पानावर वर तिच्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: पाचवा अल्बम. मनस्वी. खाली दुहेरी रेघ. बाकी पान रिकामं. त्यानंतर वहीत काहीच नव्हतं.

"हे तिने कधी..."

"तपासणीहून आलो त्या संध्याकाळी. म्हणाली, नियम आहे, ती लिहील."

हळदीच्या ऑर्डरी टिपायचं पेन मिक्सरला दोऱ्याने बांधलेलं होतं. मनस्वीने ते ओढलं. दोरा तोकडा होता, म्हणून वहीच तिरकी करून घ्यावी लागली. नियमाप्रमाणे खाडाखोड चालणार नव्हती. तिने मनगटाने डोळे पुसले आणि सावकाश, अक्षर नीट काढत लिहिलं:

"पाचव्या अल्बममध्ये झांजा नाहीत."

मग तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.