माझ्या डोळ्यातलं तांबडं धुकं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. वय चाळिशीकडे झुकलेलं, अंगावरचा काळा रंग जागोजागी उडालेला, आणि डोळा एकच. पण त्या एका डोळ्यातून कांद्याच्या पापुद्र्यात विटांची भिंत दिसते आणि पाण्याच्या एका थेंबात अख्खं गाव पळताना दिसतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. तुम्ही वरून माझ्यात बघता ना, तेव्हा मीही खालून तुम्हाला बघत असतो. तुमची पापणी माझ्या काचेला लागते. मला तुमच्या डोळ्याची बाहुली दिसते, काळीभोर, जरा घाबरलेली. मग ती एकाएकी मोठी होते. तुम्ही "दिसलं!" म्हणायच्या आधीच मला कळलेलं असतं. हजारो मुलांच्या डोळ्यांत मी तो क्षण पाहिला, पण अजून मला त्याची सवय झालेली नाही. होऊही नये.

माझा जन्म दूर उत्तरेत, अंबाल्याचा. तिथे माझी भिंगं घासणारे एक म्हातारे कारागीर होते. काच उजेडासमोर धरून ते इतका वेळ बघायचे की चहा गार व्हायचा. तिथून पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून मी कोल्हापूरला आलो. शाहूपुरीपासून पाच मिनिटांवर एक हायस्कूल आहे. त्याच्या प्रयोगशाळेत, पूर्वेच्या खिडकीपाशी, मला जागा मिळाली. माझ्या पोटाखाली एक छोटा आरसा आहे. त्याने सकाळचा उजेड पकडायचा आणि माझ्या डोळ्यात वर सोडायचा, एवढंच माझं काम. बाकी सगळं काम बघणाऱ्याचं.

तेव्हा विज्ञानाला आकाराम सर होते. आवाज असा की शेजारच्या वर्गात गणित थांबायचं. पण माझ्यापाशी आले की कुजबुजत बोलायचे, बाळ झोपलेलं असावं तसं. "हळू. स्क्रू हळू फिरवायचा. घाई केलीस तर दिसणारं लपून बसतंय बघ."

दुसऱ्याच वर्षी एका मुलाच्या कोपराचा धक्का लागून मी खाली आलो आणि माझा पाय तुटला. त्या मुलाचे वडील शिरोली एमआयडीसीत ओतकाम करत. त्यांनी माझ्या पायाचे तुकडे नेले, वाळूत साचा पाडला, लोखंड ओतलं आणि आठवड्याने नवा पाय घेऊन शाळेत आले. पहिल्यापेक्षा दुप्पट जड! आकाराम सर हसून म्हणाले, "आता हा पक्का कोल्हापुरी झाला. ढकलला तरी हलणार नाही."

ते दिवस मी कसे सांगू? दारापर्यंत रांग लागायची. एक डोळा मिटताना दुसराही मिटायचा, तोंड वाकडं व्हायचं, मागचे ओरडायचे, "झालं का रं? घर बांधतोस काय तिथं?" एका मुलीने गालाच्या आतून काडीने जरासं खरवडून काचपट्टीवर ठेवलं, निळा रंग टाकला आणि माझ्यात पाहिलं. पाहतच राहिली. मग तिने हळूच आपल्या गालाला हात लावला, जणू तो आजच तिला मिळाला होता.

सर निवृत्त झाले. त्यानंतर शाळेत मोठा पडदा आला, त्यावर पेशी हलताना दिसू लागल्या. मी त्या पडद्याला नावं ठेवत नाही. तो सगळ्यांना एकदम दाखवतो. पण त्याला दाखवायला कुणाच्या गालाची, कुणाच्या थेंबाची गरज लागत नाही. मी कपाटात गेलो. कडी लागली.

वर्षातून एकदाच ती कडी निघायची, खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात हे तुम्हाला माहीत आहेच. शिरोलीत भट्ट्यांना हार चढतात, आणि आमच्या शाळेत ज्ञानूमामा मला बाहेर काढायचे. ज्ञानूमामा म्हणजे शाळेचे शिपाई. तीस वर्षं घंटा त्यांच्याच हातात. ते माझं अंग पुसायचे, स्क्रूंना तेलाचा थेंब द्यायचे आणि माझ्याशी बोलायचे. "काय रं बाबा, बरा हाईस न्हवं? तुझ्यात देव हाय. पोरास्नी शानं करतूयास तू." मग तेलात कालवलेली हळद माझ्या खालच्या दोन भिंगांना एकेक बोट, आणि वरच्या भिंगाला ठसठशीत कुंकू. देवाचा टिळा कपाळालाच हवा, आणि माझं कपाळ म्हणजे तेच, असं त्यांना वाटायचं. दुसऱ्या दिवशी ते कोरड्या फडक्याने पुसून मला परत कपाटात ठेवायचे.

असे टिळे किती लागले, ते मोजले नाहीत. इतकंच कळत होतं, की दरवर्षी माझ्या डोळ्यात थोडं अधिक तांबडं धुकं दाटतंय.

एकदा तात्पुरते आलेले एक शिक्षक कपाटाशी थांबले. घाईघाईने माझ्यात डोकावले आणि म्हणाले, "ह्याला बुरशी लागलीय." वहीत लिहिलं गेलं, 'भिंगे निकामी'. आणि या वर्षी मोडीत काढायच्या सामानाची यादी झाली, तेव्हा तीन तुटक्या बाकांच्या आणि एका गंजलेल्या पंख्याच्या खाली माझं नाव होतं. शनिवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

मित्रांनो, मोडण्याची मला भीती नव्हती. लोखंड पुन्हा वितळतं, पितळेचंही काहीतरी होतंच. पण पुन्हा एकदाही कुणाच्या डोळ्याची बाहुली मोठी होताना न बघता जायचं, हे मला सोसवेना.

पूर्णिमा मॅडम शाळेत नव्या होत्या. बुधवारी त्यांनी मला नववीच्या वर्गात आणून टेबलावर ठेवलं. "बिघडलाय म्हणतात. शनिवारी जाणार. जायच्या आधी निदान याचे भाग तरी हात लावून ओळखा."

मुलं जमली. राजवीर सगळ्यांत पुढे घुसला. डोळा लावला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात तर पंचगंगेचा पूर दिसतोय! सगळं गढूळ!"

वर्ग हसला. मग सुहाना आली. ती हसली नाही. तिची आई मेहरुन्निसा कबनूरला मागावरचं कापड तपासायच्या कामाला आहे. हातात बारकं भिंग धरून धागे मोजायचे, डाग शोधायचे. सुट्टीत सुहाना आईशेजारी बसून तेच करते. तिने माझ्यात पाहिलं, आणि बघता बघता माझी वरची नळी बोटांनी गोल फिरवली. परत फिरवली.

"मॅडम, धुकं फिरतंय."

"म्हणजे?"

"नळी फिरवली की तिच्यासंगट फिरतंय. आई कापड बघताना तसंच करते. डाग दिसला की आधी भिंग हलवायचं. डाग जागेवर राहिला तर कापडाचा. भिंगासंगट पळाला तर भिंगाचा, मग कापडाला नावं ठेवायची नाहीत. हा आंधळा नाही, मॅडम. ह्याचा डोळा नुसता घाण झालाय."

मी आजवर कितीजणांना काय काय दाखवलं! पण मला कुणी असं पाहिलेलं नव्हतं.

मॅडमनी कापूस, स्पिरिट आणि साबणाचं पाणी मागवलं. वरच्या भिंगावरून कापूस अगदी हलक्या हाताने फिरला आणि तांबडा झाला. खालच्या भिंगावरून फिरला तो पिवळा झाला. मॅडमनी तो पिवळा कापूस सगळ्यांना दाखवला. "ही बुरशी असेल का रे?"

सुहानाने न विचारताच साबणाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि एक थेंब कापसावर सोडला. पिवळ्याचं लालभडक झालं.

"हळद!" राजवीर ओरडला. "मॅडम, हळद हाय ही! आणि वरचं कुंकू!" आणि वळून तो हसतच म्हणाला, "ज्ञानूमामा, ह्याचं लगीन लावलासा काय?"

मामा दारातच उभे होते. साबण त्यांनीच आणून दिला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून राजवीरचं हसू मधेच थांबलं.

"म्हंजी..." मामांचा आवाज खाली गेला. "म्याच ह्येचा डोळा घालिवला व्हय? आन् त्येच्यापायीच ह्यो भंगारात चाललाय?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की मामा, त्या अंधाऱ्या कपाटात वर्षाकाठी एक दिवस मला माणसाचा हात लागायचा, तो तुमचाच. पण माझ्यासारख्याला आवाज नसतो. बोलली ती सुहाना. तिने माझा मोठा स्क्रू फिरवून पाहिला, आणि नळी सरसर खाली गेली, वर आली.

"मामा, हे बघा की. आमच्या घरचं शिवणयंत्र दोन वर्षं बंद ठेवलं तर चाक हलेना झालं. हे लोण्यासारखं फिरतंय. तेल कोण घालत होतं?"

मॅडम म्हणाल्या, "काच पुसता येते, मामा. गंजलेला स्क्रू तुटला असता तर मी काय करणार होते? पुढच्या वेळी टिळा पायाला लावा. पाय लोखंडाचा आहे, त्याला चालतो."

"पायाला?" मामा विचारात पडले. "देवाच्या पायालाच लावत्यात म्हना." आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

दोन दिवस माझी सफाई चालली. सगळं बरं झालं असं मी सांगणार नाही. कोरड्या फडक्याने मोठ्या ताकदीच्या भिंगावर इतके ओरखडे पडले होते, की ते कायमचं गेलं. लहान भिंग उरलं. ते पुरेल की नाही, कुणालाच सांगता येईना.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. बाक चढले, पंखा चढला. हातात यादी घेऊन मुख्याध्यापक उदयसिंह सर प्रयोगशाळेत आले. "मॅडम, याचं नाव यादीत आहे. पडदा आहे की आपल्याकडे. कशाला जीव गुंतवताय?"

"सर, एकदाच बघा. मग न्या."

राजवीरने पहाटे रंकाळ्यावरून बाटलीत पाणी आणलं होतं, तळाच्या शेवाळासकट. त्यातला एक थेंब काचपट्टीवर ठेवला. सुहानाने माझा आरसा खिडकीकडे वळवला. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात उजेड शिरला.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. मी खालून वाट बघत होतो. बाहुली बारीक होती, कामाच्या घाईतली. मग ती थबकली. आणि मित्रांनो, ती मोठी झाली.

"अरे! हे पळतंय की!" सर म्हणाले. "चपलेच्या तळव्यासारखं... हां, वळलं! दुसऱ्याला धडकलं!" मग एकदम डोळा काढून त्यांनी काळजीने विचारलं, "हे आपल्या पिण्याच्या टाकीतलं नव्हे ना?"

"रंकाळ्यातलं हाय, सर!" सगळा वर्ग एकसुरात ओरडला.

सर पुन्हा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. बाहेर टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. सरांनी खिशातलं पेन काढलं, यादीतल्या शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली, सही केली, आणि ते बाहेर जाऊन म्हणाले, "जा बाबा. एवढंच हाय."

मग सगळ्या वर्गाने पाहिलं. सुहानाने पाहिलं तेव्हा तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला, इतकी ती जवळ आली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिनेच दाराकडे पाहिलं.

"मामा, या की."

"आमचं काय काम त्यात? पोरास्नी दावा."

"इतकी वर्षं पुसलासा. एकदा तरी बघा."

मामा आले. पायातल्या चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. आधी त्यांनी दोन्ही डोळे मिटले, मग दोन्ही उघडले, मग राजवीरने मागून येऊन आपल्या तळहाताने त्यांचा डावा डोळा झाकला. माझ्या काचेवर सुरकुतलेली पापणी टेकली. कपाळाला टिळा लावताना जो चेहरा मी वर्षानुवर्षं लांबून पाहिला, त्याचा डोळा मला आज पहिल्यांदा दिसत होता. त्यात कडेला पिकलेपणाची पांढरी रेघ होती, आणि मधली बाहुली नववीतल्या पोरांइतकीच काळीभोर.

"आगं आई..." मामा पुटपुटले. "येका थेंबात? किती ही जत्रा! आन् ह्यो बारका कुटं चाललाय येवढ्या गडबडीनं?" मग जरा वेळाने, हात जोडावेत तशा आवाजात, "पावणं, तुमी कवापास्नं ऱ्हाताय हितं? आमाला कुनी सांगितलंच न्हाय की."

त्या दिवशी तासाची घंटा सात मिनिटं उशिरा झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा. उदयसिंह सर व्हरांड्यात घड्याळ बघत उभे होते, पण त्यांनी मामांना हाक मारली नाही.

आता माझी जागा पुन्हा खिडकीपाशी आहे. मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुठल्यातरी बंद कपाटात माझं एखादं भावंड असेल. माझ्यासारखा सूक्ष्मदर्शक असेल, लोलक असेल, नाहीतर हाडांचा सापळा. त्याच्यावर माया करा, पण त्याला कसं जपायचं ते आधी विचारून घ्या. काचेला बोट लावू नका, कोरडं फडकं घासू नका. आणि जपायचं म्हणून कडीकुलपात ठेवू नका. आम्ही वापरून जितके झिजतो, त्याहून जास्त वाट बघून झिजतो.

तेव्हा सोमवारी शाळेत गेलात की एवढंच करा. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. आणि ती मागा.