उसने मोह

त्या घरात जेवणं आटोपली की प्रार्थनेआधी प्रत्येकाने आपला त्या दिवसाचा मोह सांगायचा, असा नियम होता. नियम बाबांचा. थोरलीच्या हातात मोबाइल आला त्याच आठवड्यात त्यांनी तो काढला. "जग काही दाराबाहेर थांबत नाही, खिशातून घरात येतं," ते म्हणाले. "तेव्हा लपवाछपवी नको. मोह झाला की सांगून टाकायचा, आणि सगळ्यांनी मिळून प्रभूपुढे ठेवायचा." बाबा चष्मेवाले. दिवसभर गिऱ्हाइकांना अक्षरं दाखवून 'आता स्पष्ट दिसतं का?' विचारायचे, आणि घरीही त्यांचा सूर तोच असायचा.

नियम चांगलाच होता हो, पण चांगल्या नियमाचं चार दिवसांत काय होतं ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. बाबा रोज 'राग' सांगायचे. आई रोज 'कंटाळा' सांगायची. थोरली 'अभ्यास टाळावासा वाटला' म्हणून मोकळी व्हायची. राहिली धाकटी, आठ वर्षांची. तिला सगळे भुंगा म्हणत, कारण एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तिची भुणभुण थांबायची नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मला आज काहीच मोह झाला नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "नीट आठव. सैतान कोणाला सोडत नाही. त्याने प्रभूलासुद्धा रानात गाठलं होतं." भुंगा गप्प बसली. आणि ती पोर गप्प बसली की खुशाल समजावं, काहीतरी शिजतंय.

चौथ्या दिवसापासून तिला मोह व्हायला लागले. आणि काय एकेक मोह! "केकचा कोपरा तोडून खावा आणि वरून क्रीम लिंपून टाकावं, असं वाटलं." पुढच्या दिवशी, "दुसऱ्याचं पत्र वाफेवर धरून उघडावंसं वाटलं." मग एकदा डोळे घट्ट मिटून, "झोपलेल्या माणसाची एकाच बाजूची मिशी उडवावी, असं फार वाटलं."

थोरली फिस्सकन हसली. बाबा डाफरले, "दात काय काढतेस! एवढीशी पोर, पण मन बघ किती जागं आहे तिचं!"

बाबांनी रविवारी ही गोष्ट कौतुकाने पाळकसाहेबांच्या कानावर घातली. पाळकसाहेबांनी मंडळींसमोर त्यांची पाठ थोपटली आणि जाहीर केलं, की पुढच्या रविवारी भुंगा उपासनेत उभी राहील आणि मोह कसा ओळखावा ते सगळ्यांना सांगेल. बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. आईलाही आतून गुदगुल्या झाल्याच. का होऊ नयेत? 'बाई दिवसभर दुकानात बसली की पोरं वाऱ्यावर जातात,' हे नणंदेचं वाक्य ती बारा वर्षं ऐकत आली होती. आता ऐक म्हणावं पहिल्या बाकावर बसून!

पण आईच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. घरात महिनाभर केक आलेला नाही. ओळखीत मिशीवाला आहे तो एक न्हावी, आणि तो कधी झोपलेला कोणी पाहिला नाही. मग पोरीला हे मोह होतात तरी कुठे?

आईचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. शनिवारी दुपारी ती एका पँटची उसवलेली शिवण घालत असताना बेकरीवाली खिसा फाटलेला ॲप्रन घेऊन आली.

"तुझी धाकटी भलतीच चौकस आहे ग," ती टेबलाला टेकून म्हणाली. "मला विचारते, काकू, तुम्हाला कसला मोह होतो? वही-पेन्सिल घेऊन! मी पण गंमत म्हणून सांगितलं, की केकचा कोपरा खावा आणि वरून क्रीम लावून टाकावं."

आईचा पाय मशीनवरच थांबला.

बेकरीवाली गेल्यावर भुंगा शाळेतून आली. आईने काही न विचारता हात पुढे केला. भुंगाने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दप्तरातून वही काढून दिली. सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलेलं. न्हावीकाका, मिशी. पोस्टमनकाका, पत्र. चर्च झाडणाऱ्या आजी, उपदेश लांबला की मध्येच घंटा वाजवावी. आईला हसू आवरेना, पण हसण्याची सोय नव्हती.

"हे काय ग?"

"मला होतच नाहीत ना, आई." भुंगाचा आवाज बारीक झाला. "बाबा म्हणाले, सैतान कोणाला सोडत नाही. प्रभूलासुद्धा गाठलं, मग मला कसं सोडलं? देवाला मी माहीतच नाही का?"

आईला भडभडून आलं. तिने पोरीला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि माहीत आहे, माहीत आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणाली. 'उद्या हे बोलायचं नाही' एवढं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. वही तिने कपड्यांच्या ढिगाखाली सारली आणि पुन्हा शिवायला बसली. कोणाला कळणार होतं? पाच मिनिटं बोलेल, लोक कौतुक करतील, नणंदेचं तोंड पाहण्यासारखं होईल. संध्याकाळपर्यंत तिने तीच शिवण दोनदा वाकडी घातली आणि दोनदा उसवली.

रात्रीची जेवणं झाली. बाबांनी 'राग' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "आज मी आधी सांगते. मला गप्प बसायचा मोह झाला. भुंगाचे मोह तिचे नाहीत. गावभरातून गोळा करून आणलेत. मला दुपारीच कळलं. पण उद्या तुमच्या बहिणीसमोर मिरवायचं होतं मला, म्हणून बोलले नाही."

"आई! सांगितलंस तू!" भुंगा रडवेली झाली. "मला होतच नाहीत, तर मी काय सांगायचं?"

"झाला की तुला." आईने तिचा हात धरला. "जे नाही ते आहे म्हणून सांगावंसं वाटलं. बाबांनी कौतुक केल्यावर पुन्हा सांगावंसं वाटलं. हा मोह तू कोणाकडून आणला नाहीस. तुझाच आहे."

"माझा?" भुंगाचे डोळे चमकले. "खरंच माझा स्वतःचा?"

ती क्षणभर खूश होऊन सगळ्यांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण आई," ती म्हणाली, "मी तर ते केलं."

आणि ती रडली. पडल्या-धडपडल्यावर रडते तशी नव्हे. आवाज न करता रडली. आईने तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आता नवरा पोरीवर भडकणार, या भीतीने तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"मंगळवारीच कळलं होतं मला," ते म्हणाले. "न्हावी सांगून गेला. मिशीचा मोह त्याचा आहे."

"अहो, मग बोलला नाहीत ते?"

"पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती माझी." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "सोडवेना ग ते."

थोरलीने एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. प्रार्थना रोज बाबा करायचे. आज त्यांनी हात जोडले आणि पुन्हा सोडले.

"मी करू?" भुंगाने बाहीने नाक पुसलं आणि हात जोडले. "प्रभू, उद्या चर्चमध्ये खरं सांगायचंय. आणि आमच्यातल्या कोणालाच ते सांगावंसं वाटत नाहीये."

आमेन म्हणायला सगळ्यांना जरा वेळ लागला.