बाईंचा मूळ रंग

बाईंना आयुष्यात तीनच माणसांचा मनापासून राग आला होता: रंगभूषाकाराचा, निर्मात्याचा आणि स्वतःच्या नवऱ्याचा. आज सकाळी साडेदहाला त्यात चौथ्याची भर पडली.

चौथे म्हणजे कंपनीचे साहेब. बाईंचा पंचावन्न वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा चित्रपट त्यांनी संगणकावर रंगीत करायला घेतला होता. चित्रपटात काहीही बदल केला, तर बाईंच्या सहीशिवाय तो दाखवता येत नव्हता. ते कलम बाईंनी ऐन भरात असताना करारात घालून घेतलं होतं. म्हणून भाचा त्यांना गाडीच्या काचा बंद करून, उन्हापासून जपत, नमुना बघायला घेऊन आला होता.

पडद्यावर नायिका खिडकीशी आली. गाल गुलाबी, गळा दुधासारखा, पोशाख पांढराशुभ्र.

"ही कोण?"

"अगं मावशी, तूच!"

"मी? मग घरी मी रोज कोणाचं तोंड धुते?"

रंगकाम करणारा चष्मेवाला खाकरला. साहेब हसले. "बाई, तेव्हा तुम्ही अशाच दिसायच्यात ना?"

"तेव्हा मी दोन तास खुर्चीत बसायचे. रंगभूषाकार कपाळापासून कोपरापर्यंत लेप थापायचा आणि म्हणायचा, 'भिंत ओली आहे, कोणी टेकू नका.' सगळे हसायचे. मीही हसायचे, पोट होतं ना पाठीशी. वर उन्हात फिरायचं नाही, हेही करारात. आणि हा पोशाख पांढरा नव्हता. पांढरा दिव्यांखाली डोळे दिपवतो, म्हणून चहाच्या पाण्यातून काढलेला होता. विचारायचंत तरी!"

चष्मेवाल्याने पोशाख लगेच चहात बुडवला. माणूस कामाचा होता. बाईंनी बाही वर सारली आणि हात पडद्याला लावला. "आता हा रंग घ्या."

त्याने घेतला. खिडकीशी एक सावळी, तरतरीत मुलगी उभी राहिली. बाई तिला ओळखत होत्या. चित्रीकरण संपवून लेप खरवडला की आरशात रोज तीच भेटायची.

"छान," साहेब म्हणाले, "पण लोक ओळखणार नाहीत. गैरसमज नको हं, बाई. माझी सख्खी मेहुणी सावळी आहे."

"बिचारी. रंगाचं काही नाही हो, पण भाऊजी असे मिळाले!"

भाचा कानाशी लागला. "मावशी, या वयात कशाला डोक्यात राख घालतेस? सही कर आणि मोकळी हो."

बाईंनी साहेबांचं पेन मागून घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं: 'ही मुलगी दाखवा, मग सही. नाहीतर चित्रपट आहे तसाच राहू द्या. त्यात निदान थोडा काळा रंग तरी आहे.'

साहेबांनी वाचलं आणि चष्मेवाल्याला खूण केली. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं आणि कळ दाबली. दुधाळ रंगाची बाई परत आली.

खऱ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं, ते स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि त्या उठल्या.

"चल रे. आणि गाडीच्या काचा खाली कर. ऊन लागू दे."