पंचगंगेला गेली

या हो, असं जवळ सरकून बसा. बुवांची वीणा अजून सुरात लागायचीय, तोवर एक गोष्ट सांगतो. डोळे भरून आले तर येऊ द्या. देवाच्या दारी त्याची लाज कसली?

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. रत्नागिरीहून यज्ञेश्वर सर कोल्हापुरातल्या एका शाळेवर हेडमास्तर म्हणून आले. शाळा पार सैल सुटलेली. "जरा वेसण घाला," असं संचालकांनी बजावलं. सरांनी नियम केला, प्रार्थनेनंतर येईल त्याच्या हातावर दोन छड्या. माणूस मनानं मऊ. मारताना स्वतःच डोळे मिटून घ्यायचा. पण नियम तो नियम.

कार्तिक महिना, सकाळची शाळा. सातवीतला कृष्णात प्रार्थना संपल्यावर फाटकाशी आला. केस ओले, खांद्याला दप्तर.

"का रे उशीर?"

"आई पंचगंगेला गेली, सर."

गावातल्या बायका तेव्हा पहाटे कार्तिकस्नानाला नदीवर जात. सरांच्या विमलाबाईही गेल्या होत्या.

"मग तिच्यामागं तूही डुंबायला गेलास?"

"आंघूळ करायाच लागती, सर."

"हात पुढे कर."

पोरानं उजवा हात पुढं केला. सरांनी डोळे मिटून दोन छड्या ओढल्या.

दुपारी पान वाढता वाढता विमलाबाई म्हणाल्या, "आज नदीवर मन लागलं नाही हो. पलीकडे एक पोर आईला अग्नी देत होतं. खांद्यावरचं दप्तर काही केल्या उतरवेना. 'आई म्हणलीया, शाळा बुडवू नगंस,' म्हणे. आणि बायका म्हणतात, बयाबाई पंचगंगेला गेली. मला आधी कळेचना. इथे 'मेली' म्हणत नाहीत, असंच म्हणतात."

सरांचा घास हातातच राहिला. तसेच उठले, विचारत विचारत कृष्णातच्या घरी गेले. दारात त्याचा बाप, हंबीरराव.

"या पावणं! छडी घिऊन आलाय न्हवं?"

"चुकलं माझं. मला उमगलं नाही हो."

"ज्या हातानं आईला अग्नी दिला, त्योच सुजलाय. बघा की."

कृष्णातनं हात पाठीमागं लपवला. "तुमचं न्हाय चुकलं सर. मला उशीर झालता की."

पोर चिडलं असतं, तर सरांना सोसलं असतं.

"दिवस झाले की येशील ना बाळ?"

पोरानं बापाकडं बघितलं. "जिला त्येची शाळा पायजे हुती, ती गेली," हंबीरराव म्हणाला. "आता आमी मलकापूरकडं जाणार, माझ्या भावाकडं."

तेरावा झाल्यावर सर रोज फाटकाशी थांबू लागले. उशिरा आलेल्या पोराला जवळ घेऊन, नीट विचारून आत सोडायचे. कृष्णात काही आला नाही. पुन्हा घरी गेले, तर दाराला कुलूप.

मायबापहो, सरांना बोल लावा म्हणून हे सांगितलं नाही. हात जोडाल तेव्हा बयाबाईची तेवढी आठवण ठेवा. त्या माउलीला अक्षर ठाऊक नव्हतं, आणि जाताना तिच्या तोंडी पोराची शाळा होती.