लेकीच्या बेटावर

मी समुद्राच्या तळातून बोलतेय. मी वीज नेणारी केबल. पण माझी गोष्ट सांगायची तर आधी माझ्या माणसांची सांगायला हवी.

नागपूरच्या वाडीत ताराचंद नावाचा एक ट्रेलरवाला राहत होता. बायको सुभद्रा, आणि एकुलती लेक श्वेता. श्वेता नर्स झाली अन् पार कोकणातल्या एका बेटावरच्या दवाखान्यात लागली. तिथं वीज नव्हती, जनरेटरवर भागायचं. एका पावसाळ्यात बाळंतपण चालू असतानाच जनरेटर बंद पडला. बाळ हाती लागलं नाही.

"पोरी, परत ये," ताराचंद फोनवर म्हणाला.

"लाइट आल्याबिगर मी हालत नाही, बाबा."

म्हणून वाडीच्या गोदामातली मी त्याच बेटावर जाणार हे कळताच ताराचंदनं ती खेप मालकाकडून मागून घेतली. मला पोचवायचं, लेकीला घेऊन यायचं, एवढंच त्याच्या मनात.

माझ्या पोटात तांबं, अंगावर पोलादी तारा, वरून डांबराचा लेप. असल्या काळ्या रूपाला सुभद्रेनं हळदकुंकू लावलं, मला गुंडाळलेल्या ड्रमला खण-नारळ बांधला.

"काहून वं, केबलची ओटी भरून राहिली?" ताराचंदनं विचारलं.

"माह्या पोरीच्या घरी चालली ते. रिकाम्या हातानं कशी धाडू जी?"

ताराचंदनं आजवर मोठं पाणी म्हणून पेंचचं धरण तेवढं पाहिलेलं. समुद्रकिनाऱ्यावर त्यानं विचारलं, "बेटाच्या मागचा काठ कुठी हाय गा?"

"काका, दिसला तर आम्हालाही सांगा," केबल टाकणाऱ्या सपाट बोटीवरचा, बार्जवरचा माणूस म्हणाला.

बार्जवरून मला हळूहळू पाण्यावर सोडलं. बुडू नये म्हणून ठिकठिकाणी हवेच्या पिशव्या बांधल्या. माझं टोक बेटाला लागलं, तसे पाणबुडे त्या एकेक कापत आले आणि मी तळाच्या चरात उतरत गेले. खाली गार अंधार. उजेड नेणारीच्या वाट्याला तो कायमचा आला.

पण जिथं मी दिवा होऊन जाते, तिथलं मला ऐकू येतं. बेटावर वीज आली त्या पहिल्या संध्याकाळी ताराचंद दवाखान्यात पोचला होता, श्वेताची बॅग भरलेली होती. परतीची होडी धक्क्याला लागली, तर तिच्यातून बाळंतपणाला माहेरी आलेली, कळा सुरू झालेली एक बाई उतरली. श्वेता तिला घेऊन आत गेली. ताराचंद बाहेर बसून दिव्याकडेच बघत होता. दिवा एकदाही लुकलुकला नाही. बाळ रडलं.

श्वेता हात पुसत बाहेर आली. "चला, बाबा. लाइट आली की येईन, बोलली होती मी."

"कुठी चालली? बाळाची माय अजून उठली नाही." त्यानं बॅग उचलून आत ठेवली आणि घरी फोन लावला. "पोरगी नाही येत, सुभद्रा. तूच ये इकडं. येतानी ज्वारीचं पीठ आनजो, इथं निरा भातच खातेत."

सुभद्रा आली. ताराचंदनं ड्रमवरून सोडून जपलेल्या माझ्या ओटीच्या खणाचं तिनं त्या बाळाला टोपडं शिवलं. किती वर्षांनी तिघं एका दिव्याखाली भाकरी खायला बसली.

नाववाल्यांनो, किनाऱ्यावर 'खाली केबल आहे' अशी पिवळी पाटी दिसली की तिच्या ओळीत लंगर टाकू नका. वर कुणी तरी जन्माला येत असेल.