मिस्त्रींची पाणसळ

"डावी बाजू अजून खालीच आहे," घडीच्या खुर्चीत बसून मिस्त्री म्हणाले. "अजून एक फळी घाल."

डाव्या चाकाखाली दोन फळ्या आधीच गेल्या होत्या. बाईंनी ट्रेलर हातभर पुढे घेतला, फळ्यांवर तिसरी रचली आणि मागे घेत चाक अलगद वर चढवलं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाई त्या. दोन झाडांच्या मधून आरशात बघत एवढं चाकांवरचं घर मागे घेणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. नवरा-बायकोतली कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. गाडी बाईंची, जमीन मिस्त्रींची. बाईंनी ट्रेलर आणून जागेवर उभा करायचा आणि मिस्त्रींनी तो सपाट बसवायचा, म्हणजे झोपेत कुणी पलंगावरून गडगडत नाही आणि फ्रिजही कुरकुर न करता चालतो.

मिस्त्रींनी जन्मभर फरशा बसवल्या. भिंत नुसती बघून ती कुठे किती कलली आहे ते सांगत, म्हणून बरोबरीचे गवंडी त्यांना ओळंबाच म्हणायचे. त्यांनी सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ. सपाटी तपासायची बुडबुड्याची पाणसळ पिशवीत असायची, पण कुणी पैज लावली तरच ती बाहेर निघायची.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हळूहळू हात वळायला लागला, जीभ सुटली, काठी घेऊन चालणंही जमलं. पण परवा सामान भरताना दाराला टेकून उभे असलेले मिस्त्री, भाजी काय करायची असं विचारावं इतक्या सहज म्हणाले होते, "या खेपेला मला ट्रेलर सरळ लावता आला नाही, तर परत आल्यावर विकून टाकू. नुसता बसून राहणारा माणूस घेऊन कशाला हिंडायचं?"

बाईंना ट्रेलर विकायचा नव्हता. एरवी वर्षभर एकजण पहाटे बाहेर पडायचा आणि दुसरा सिमेंटने माखून संध्याकाळी परत यायचा. ट्रेलर घेऊन हिंडायच्या या पंधरा दिवसांतच काय ते दोघं एकमेकांच्या वाट्याला आले होते.

मुक्कामाच्या तळावरच्या शेजारच्या ट्रेलरमधले निवृत्त पोस्टमास्तर हात मागे बांधून येऊन गेले. हल्ली मोबाइलमध्येसुद्धा पाणसळ असते, ही माहिती त्यांनी न विचारता दिली. बाईंनी त्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं आणि गोड बोलून वाटेला लावलं.

"आता झालं बघ," मिस्त्री म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज कामावरच्यासारखा आला होता.

बाई आत गेल्या, तर कपाटाचं दार आपणहून उघडलं आणि त्यांच्या खांद्यावर आपटलं. त्यांनी पिशवीतून पाणसळ काढून जमिनीवर आडवी ठेवली. काचेतला बुडबुडा सरळ डाव्या टोकाला जाऊन बसला. डावी बाजू खाली कसली, चांगलीच वर चढली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. मिस्त्री नळापर्यंत पाय मोकळे करायला गेले की फळ्या काढायच्या आणि वर म्हणायचं, तुमच्यासारखा डोळा कुणाचा नाही हो. पण ज्या माणसाने दुसऱ्याच्या घरातली एक फरशी जरा उचललेली दिसली म्हणून अख्खी खोली उखडली होती, त्याला असं फसवायला त्यांचा जीव धजेना. त्या बाहेर आल्या.

"अहो, डावीकडून चढलाय. पाणसळ तसं दाखवतेय."

"पाणसळ पडली असेल कुठेतरी. उलटी करून बघितलीस?"

प्रत्येक नव्या गवंड्याला मिस्त्री हेच शिकवत आले होते. पाणसळीवर शंका आली तर तिची टोकं अदलाबदल करून तिथेच ठेवायची. बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळाला तर पाणसळ खोटी, त्याच बाजूला राहिला तर खरी.

"चला, तुमच्यासमोरच करते," बाई म्हणाल्या आणि खांदा पुढे केला.

दोन पायऱ्या चढायला मिस्त्रींना बराच वेळ लागला. पलंगाच्या कडेवर बसून ते बघत राहिले. बाईंनी पाणसळ फिरवली. बुडबुडा पुन्हा डावीकडेच गेला. मिस्त्रींनी वाकून स्वतःच्या हाताने ती आणखी एकदा फिरवली. मग खिडकीच्या चौकटीकडे बघितलं, बंद न राहणाऱ्या कपाटाच्या दाराकडे बघितलं.

"मला अजून सरळच दिसतंय," ते म्हणाले. "म्हणजे मीच कललोय."

बसमध्ये मूल रडायला लागलं म्हणून बाईंनी कधी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. त्यांनी मिस्त्रींना खाली आणून खुर्चीत बसवलं आणि कामाला लागल्या. दोन फळ्या काढल्या, एक ठेवली. बुडबुडा मधोमध आला. चाकांना ठोकळे लावले, गाडी सोडवली, पुढचा जॅक फिरवून ट्रेलरचं नाक चार बोटं उचललं. आयुष्यात पहिल्यांदा करत होत्या, पण इतकी वर्षं शेजारी उभं राहून बघितलेलं काम हाताला अनोळखी नव्हतं.

मिस्त्री मान तिरकी करून ट्रेलरकडे बघत होते. डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. बाईंना ते बघवेना. फळ्यांच्या ढिगातली एक पातळ पट्टी त्यांनी उचलली, मिस्त्रींना धरून उभं केलं आणि खुर्चीच्या डाव्या पायांखाली सरकवली.

"बसा आता. कसं वाटतंय?"

मिस्त्री बसले. झाडांकडे बघितलं, ट्रेलरच्या छताची रेघ बघितली.

"अजून एक सूतभर."

गवंडी इंचाचे आठ सूत करतात, हे बाईंना लग्नापासून पाठ होतं. त्यांनी पुठ्ठा दुमडून पट्टीवर घातला. मिस्त्रींची मान सरळ झाली. वाकड्या खुर्चीत ते ताठ बसले होते.

"एकूण किती झालं?"

"पाच सूत."

दुसऱ्या कुणाचं बांधकाम बघायला बोलावल्यासारखं मिस्त्रींनी थोडा वेळ हनुवटी चोळली.

"पाच सूत म्हणजे काही फार नाही," ते म्हणाले. "एवढ्यासाठी भिंत पाडत नसतात."